१९९२ ची माझदा मियाटा (१.६) आणि टर्बो: आधी काय, नंतर काय?

उघडं_छप्पर:

नमस्कार मंडळी. गाडी १९९२ ची माझदा मियाटा, १.६ लिटरचं बी६झेडई इंजिन, पाच गिअर, साधं डिफरन्शियल, १ लाख १८ हजार मैल. मुक्काम ह्यूस्टन, त्यामुळे उन्हाळ्यात ३८ अंश ठरलेले आणि एसी काढायचा नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत १७५ ते १८२ पीएसआय. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नुकतेच बदललेत.

एक वापरलेलं किट मिळतंय. गॅरेटचा जीटी२५५४आर टर्बो, बिडाचं मॅनिफोल्ड, अडीच इंची डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा), आणि बूस्टबरोबर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाबरोबर) पेट्रोलचा दाब वाढवत नेणारा रेग्युलेटर. विकणाऱ्याचं म्हणणं असं की मूळ कॉम्प्युटर आणि मूळ इंजेक्टरवरच ८ पीएसआय आरामात चालतं. चाकांवर १८० एचपी मिळावेत अशी इच्छा आहे.

विचारायचं ते हे: तो रेग्युलेटर पुरेल का? टर्बोचं ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) आणायला भोक पाडावं लागतं, ते चेंबर न उतरवता पाडता येतं का? आणि सगळ्यात आधी काय तुटतं?

---

मीटरकाटा:

तिन्ही प्रश्नांत पहिलाच महत्त्वाचा, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

रेग्युलेटर काढून ठेवा. १.६ मध्ये हवा मोजायला पाकळीवाला एअर फ्लो मीटर आहे. ती पाकळी एकदा पूर्ण उघडली की पुढे हवा कितीही वाढली तरी कॉम्प्युटरला समजत नाही. त्यानंतरचं सगळं पेट्रोल तो रेग्युलेटर अंदाजाने ढकलतो. मूळ दाब साधारण ४० पीएसआय असतो, तो ७०–८० वर नेला की जुन्या पंपाचा प्रवाह नेमका तिथेच घटतो. टायमिंगचं तर त्याहून वाईट. मूळ कॉम्प्युटरला बूस्ट माहीतच नाही, त्यामुळे तो ठिणगी बूस्ट नसताना देतो तेवढ्याच आधी देतो. या इंजिनाला नॉक सेन्सरही नाही. नॉकिंग (पेट्रोल-हवा ठिणगीविना आपोआप भडकणं) सुरू झालं तर सांगणारं कुणी नाही, आणि उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात ते कानाला ऐकू येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तडकते ती अशीच.

इंजेक्टरचा हिशेब घरी करता येतो. क्रँकवर २०० एचपी धरा. टर्बो इंजिनाला दर एचपीला तासाला साधारण ०.५५ पाउंड पेट्रोल लागतं, म्हणजे ११० पाउंड. चार इंजेक्टरांत वाटलं की २७.५. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून भागिले ०.८, आले ३४.४ पाउंड, म्हणजे मिनिटाला जवळपास ३६० सीसी. तुमचे मूळ इंजेक्टर २१० च्या आसपासचे. ४५० ते ५५० सीसीचे चांगले, चारही एकाच प्रवाहाला तपासलेले घ्या आणि त्यांच्या बंद-उघड वेळेचे आकडे विकणाऱ्याकडून लेखी मागून घ्या. ते आकडे चुकले की आयडलला गाडी कधीच नीट बसत नाही, आणि माणूस महिनाभर व्हॅक्यूम गळती शोधत बसतो. पंपाला तासाला १९० लिटरचा पुरे. २५५ चा घातला तर मूळ रेग्युलेटर जादाचं पेट्रोल परत पाठवू शकत नाही आणि आयडलला दाब चढतो.

कॉम्प्युटर स्वतंत्रच घ्या. मेगास्क्वर्टचा, मूळ प्लगमध्ये बसणारा मिळतो, फक्त १९९०–९३ च्या प्लगचा आहे ना ते बघा. तो हवा दाबावरून आणि तापमानावरून मोजतो, त्यामुळे पाकळीवाला मीटर निघून जातो. इथे दोन गोष्टी १.६ वाल्यांना हमखास अडवतात.

एक, पेट्रोल पंप चालू ठेवणारा स्विच त्याच मीटरच्या आत आहे. मीटर काढला की गाडी सुरू होते आणि लगेच बंद पडते. पंपाचा रिले नव्या कॉम्प्युटरकडून चालवावा लागतो. तपासणीपुरतं बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत एफ/पी आणि जीएनडी वायरने जोडून बघता येतं.

दोन, मॅन्युअल १.६ चा थ्रॉटल सेन्सर हा खरा सेन्सर नाहीच. आयडल आणि पूर्ण उघडा एवढं दोनच सांगणारा स्विच आहे तो. सलग मोजणारा सेन्सर बसवा, नाहीतर पाय दाबल्याक्षणी लागणारं जादा पेट्रोल फक्त दाबाच्या बदलावरून ठरवावं लागतं आणि पिकअपला अडखळ राहते.

आता सगळ्यात कळकळीचं. टर्बो बसवायच्या आधी कॉम्प्युटर, इंजेक्टर, पंप, वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजणारा) हे सगळं साध्या इंजिनावर बसवा आणि महिनाभर गाडी तशीच चालवा. थंड स्टार्ट, एसी लागल्यावरचं आयडल, हायवेवरचं मिश्रण, सगळं बिनटर्बोचं जमवून घ्या. दोन्ही एकाच शनिवार-रविवारी केलं आणि गाडी अडखळली, तर दोष वायरिंगचा, व्हॅक्यूमचा, इंजेक्टरचा की टर्बोच्या पाइपचा, हे ओळखायला काही आधारच उरत नाही. आणि या इंजिनाला चूक माफ असते ती बूस्ट नसताना.

कॉम्प्युटर बसवल्या दिवशी टायमिंग लाइट लावून बघा. टायमिंग स्थिर १० अंशांवर कुलूपबंद करा आणि पुलीवरची खूणही १० वरच दिसली पाहिजे. हेडच्या मागचा क्रँक अँगल सेन्सर कधीही सैल केला, तर हे पुन्हा करायचं. स्क्रीनवर १८ आणि प्रत्यक्षात २४ असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोट्या आकड्यांवर उभं राहतं.

---

दहाचा_पाना:

मीटरकाटांच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी ऑइलचं सांगतो.

चेंबर न उतरवता भोक पाडता येतं, आणि तसंच पाडावं. या गाडीत चेंबर काढायचं तर पुढची सबफ्रेम सोडवावी लागते. जागा एक्झॉस्टच्या बाजूला, चेंबरच्या जितकी वर मिळेल तितकी वर, ऑइलच्या पातळीच्या वरच. पाइप ऑइलमध्ये बुडलेला राहिला तर टर्बोतलं ऑइल खाली येत नाही, तुंबतं, आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं. मग निळा धूर. लोक टर्बो गेला म्हणून दुसरा आणतात, तोही धूर काढतो.

क्रम असा. जुनं ऑइल काढू नका, भोक झाल्यावर काढायचं, म्हणजे पडलेला चुरा त्याच्याबरोबर वाहून येतो. डिपस्टिकच्या नळीतून हलकी हवा सोडत ठेवा, म्हणजे आतून बाहेर झोत राहतो. आधी ५ मिलिमीटरचं भोक, मग टप्प्याटप्प्याने वाढवत अर्धा इंच एनपीटी (अमेरिकन पाइप-आटे) फिटिंगसाठी १८ मिलिमीटरच्या थोडं पुढे. ड्रिलला आणि टॅपला ग्रीस भरपूर, आणि दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचं. चेंबर अॅल्युमिनियमचं आहे, चुरा ग्रीसला चिकटून येतो. एनपीटीचे आटे निमुळते असतात, म्हणून टॅप शेवटपर्यंत घुसवायचा नाही. फिटिंग हाताने तीन-चार फेरे जाऊन आवळायला लागलं की थांबा. मग ऑइल काढा, प्लग उघडाच ठेवून एक लिटर स्वस्त ऑइल वरून ओतून धुऊन घ्या. नवीन ऑइल आणि फिल्टर घाला, आणि १०० मैलांनी दोन्ही पुन्हा बदला.

परतीचा पाइप आतून १६ मिलिमीटरच्या आसपास हवा, सतत उतरता, कुठेही पोट न पाडता. टर्बोच्या मधल्या भागातली ऑइलची दोन तोंडं उभ्या रेषेत धरा, फार तर वीसेक अंश इकडेतिकडे.

ऑइल आत जायची वाट ब्लॉकवर ऑइल प्रेशरच्या सेंडरजवळून (दाब मोजणाऱ्या सेन्सरजवळून). तिथले आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइप-आटे) आहेत, एनपीटी नाहीत. इंचाला २८ आटे विरुद्ध २७. एनपीटीचं फिटिंग दोन फेरे छान जातं, मग जड लागतं, आणि टेफ्लॉन लावून दामटलं तर ब्लॉकचे आटे जातात. दुसरं, त्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिच्यावरच तो जड सेंडर टांगू नका. कंपनाने टी मुळातून तुटते आणि पूर्ण दाबाने ऑइल बाहेर येतं. तारेच्या वेणीच्या नळीचा छोटा तुकडा घेऊन सेंडर बॉडीवर क्लॅम्प करा. टेफ्लॉन टेपही नको, तिची सुटलेली तार नेमकी टर्बोच्या बारीक भोकात जाऊन बसते. द्रव सीलंट वापरा.

जीटी२५५४आर बॉल बेअरिंगचा आहे, त्याला १ मिलिमीटरपेक्षा किंचित लहान भोकाचा रिस्ट्रिक्टर (ऑइलचा प्रवाह आवरणारा) लागतो. कधी टर्बोच्या आतच असतो, कधी फिटिंगमध्ये. दोन्हीकडे नाही ना, किंवा दोन्हीकडे आहे का, हे बसवायच्या आधी डोळ्यांनी बघा.

पहिल्यांदा सुरू करताना टर्बोच्या ऑइल आत जायच्या तोंडात चमचाभर ऑइल ओता, चाक हाताने फिरवा. क्रँक अँगल सेन्सरचा प्लग काढला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद होतात. तसं ठेवून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइल प्रेशरचा काटा वर आला की मगच प्लग लावा.

---

बिडाचं_मॅनिफोल्ड:

"आधी काय तुटतं" याचं उत्तर: आधी सुटतं, मग तुटतं. टर्बो आणि मॅनिफोल्डमधले नट.

तिथे तापमान इतकं चढतं-उतरतं की साधे स्टड लांबतात आणि नट आपोआप फिरून निघतात. ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांत हा नेहमीचा आजार. इन्कोनेलचे स्टड, पत्रा दुमडून नट अडवणारे टॅब वॉशर आणि अनेक थरांचं स्टीलचं गॅस्केट, या तिन्हींवर पैसे वाचवू नका. पूर्ण तापून पूर्ण थंड, असं तीनदा झालं की सगळे नट पुन्हा आवळा. बिडाचं मॅनिफोल्ड निवडलंत ते उत्तम. पातळ स्टीलच्या पाइपांचं दिसायला देखणं असतं, पण टर्बोचं वजन त्याच्यावर लटकलं की जोडाशी तडकतं.

गळती कशी ओळखाल? थंड इंजिन सुरू केल्यावर "टिक टिक" आवाज, जो तापल्यावर कमी होतो. गॅस्केटच्या कडेला काजळीची पंख्यासारखी पसरलेली खूण. आणि डाउनपाइपच्या जोडातून हवा आत ओढली गेली की वाइडबँड खोटंच "पेट्रोल कमी" दाखवतो, मग ट्यूनर पेट्रोल वाढवत बसतो. हा सेन्सर टर्बोच्या पुढे दीड-दोन फुटांवर, आडव्या रेषेच्या वर तोंड करून लावा, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी त्याच्यात साचत नाही.

अमेरिकेतल्या गाडीत एक्झॉस्ट आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच बाजूला येतात. ब्रेक आणि क्लचच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा, सगळं डाउनपाइपच्या शेजारी. डाउनपाइपला पट्टी गुंडाळण्यापेक्षा टर्बोवर उष्णता अडवणारं टोपडं आणि नळ्यांवर परावर्तक कव्हर घाला. क्लचचं पेडल गरमीत मऊ पडायला लागलं तर कारण तिथेच असतं.

आणखी एक, जे किटच्या सूचनांत हमखास निसटतं: पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे सोडणारा). जुना झाला की उलटी हवा अडवत नाही. मग बूस्ट इनटेक मॅनिफोल्डमधून थेट क्रँककेसमध्ये शिरतो, डिपस्टिक वर उडते, सील पाझरतात, टर्बोचं परतीचं ऑइल अडतं. मूळ व्हॉल्व्ह नवीन घ्या आणि त्याच्या मागे एक चांगला एकदिशा व्हॉल्व्ह लावा. चारकोल कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डबीच्या) नळीलाही तसाच.

---

उघडं_छप्पर:

खूप खूप आभार. रेग्युलेटरचा विचार सोडला, कॉम्प्युटर आधी. गरमीचं मात्र कुणी सांगा. एसीचा कंडेन्सर, रेडिएटर आणि त्याच्यापुढे इंटरकूलर, हे ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये निभेल का? आणि १८० चं काय?

---

मीटरकाटा:

३० अंशांची हवा ८ पीएसआयला दाबली, कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण ८८ अंशांवर बाहेर येते. ७० टक्क्यांचा इंटरकूलर तिला ४७–४८ पर्यंत आणतो. हे चाळीस अंश म्हणजेच नॉकिंग आणि सुरक्षित यांच्यातलं अंतर. त्यामुळे इंटरकूलर हवाच. मोठा नको, गाडीच्या तोंडाच्या भोकाएवढा पुरे, पण बाजूच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद करा. हवा फटीतून निसटली तर मागच्या रेडिएटरला काहीच मिळत नाही.

इंजिनाच्या पाण्याचं दुखणं वेगळं आहे. हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांसाठी बनलं, तिथे पाणी हेडच्या मागच्या टोकातून बाहेर पडायचं. मियाटात उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढे आणला, त्यामुळे पंपही पुढे आणि बाहेर पडायची वाटही पुढे. मागच्या चौथ्या सिलिंडरकडे पाणी सगळ्यात कमी फिरतं. साध्या गाडीत खपतं, टर्बोत चौथाच आधी तापतो. थर्मोस्टॅट मागे नेणारं रीरूट किट लावा. मागे, फायरवॉलजवळ हात कसाबसा जातो, म्हणून ते टर्बो बसवतानाच उरकून घ्या. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली असेल तर ती केव्हाही फुटेल, अॅल्युमिनियमचा जाड रेडिएटर घ्या.

१८० बद्दल: ८ पीएसआयवर १.६ कडून चाकांवर १५० ते १६५ धरा. माझदाने स्वतः २००४–०५ ची माझदास्पीड मियाटा टर्बोसकट विकली, १.८ लिटर, आणि तीही क्रँकवर १७८ एचपीवरच ठेवली. जुन्या कनेक्टिंग रॉडना मारतो तो टॉर्क, आणि तोही कमी आरपीएमवरचा. पाचव्या गिअरमध्ये अडीच हजारावर पाय पूर्ण दाबायचा नाही.

ट्यूनिंगचे सुरुवातीचे आकडे: पंपावरचं ९३ ऑक्टेन, पूर्ण बूस्टवर मिश्रण ११.५ ते ११.८ (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे इतके भाग), आणि बिनबूस्टच्या टायमिंगमधून दर पीएसआयला एक अंश कमी, म्हणजे २८ असेल तिथे २०. प्लग एक पायरी थंड, एनजीके बीकेआर७ई, फट १.१ ऐवजी ०.७ मिलिमीटर, नाहीतर बूस्टचा जोर ठिणगी विझवतो. ८ पीएसआय म्हणजे मॅपवर (इनटेक मॅनिफोल्डमधला एकूण दाब मोजणाऱ्या सेन्सरवर) साधारण १५५ केपीए. १७० ला पेट्रोल तोडणारी मर्यादा पहिल्याच दिवशी लावा. वेस्टगेटची (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) बारीक नळी सुटली की बूस्टला अडवणारं दुसरं काहीही नसतं. त्या नळीच्या दोन्ही टोकांना क्लॅम्प.

चालवायच्या आधी टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडाला टोपी लावून १० पीएसआय हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. ज्या पाइपाच्या टोकाला उठावाची कडा नाही, तो होजमधून सुटणारच.

---

दहाचा_पाना:

गिअरबॉक्सच्या मागचंही धरा. १९९३ पर्यंतच्या १.६ मध्ये डिफरन्शियलची क्राऊन सहा इंची आहे, १९९४ पासून सात इंची. टर्बोसमोर सहा इंचीचे दात टिकत नाहीत. बदलताना १.८ चं डिफरन्शियल, दोन्ही हाफशाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच गाडीतून एकत्र घ्या, सुटं सुटं जमवायला गेलात तर फ्लँज जुळत नाहीत. क्लच मूळचा २०० मिलिमीटर. १.८ चं फ्लायव्हील आणि २१५ चा क्लच सरळ बसतो. ब्रेकही तसेच, २३५ च्या जागी २५५ च्या डिस्क. यातलं काहीच किटच्या किमतीत नसतं, म्हणून बजेट करताना टर्बोच्या आधी ही यादी लिहा.

---

चिंचवडकर:

वाचनीय धागा. एक शंका. इथे पुण्यात १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकला असंच काही करता येईल का? आणि ९३ ऑक्टेन म्हणजे आपल्याकडच्या ९५ पेक्षा कमीच ना?

---

मीटरकाटा:

उलट आहे. अमेरिकेत पंपावर दोन पद्धतींची सरासरी लिहितात, आपल्याकडे त्यातल्या एकाच पद्धतीचा मोठा आकडा, आरओएन. तिथलं ९३ म्हणजे आपलं साधारण ९७–९८. त्यामुळे अमेरिकन ट्यूनिंगचे टायमिंगचे आकडे इथल्या साध्या पेट्रोलवर घालू नका, पहिल्याच घाटात नॉकिंग होईल.

हॅचबॅकचं म्हणाल तर नको. बरीच नवी छोटी इंजिनं ११–१२ कॉम्प्रेशन गुणोत्तराची असतात, या मियाटाचं ९.४ आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही. विम्याचा दावाही अडतो. हौस असेल तर कारखान्यातूनच टर्बो पेट्रोल आलेली गाडी घ्या. उघडं_छप्पर यांचं निभतं, कारण टेक्ससमध्ये २४ वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. हीच गाडी कॅलिफोर्नियात असती तर त्या किटला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागला असता.

---

उघडं_छप्पर:

पहिल्या टप्प्याची यादी केली: मेगास्क्वर्ट, वाइडबँड, ५५० सीसी इंजेक्टर, १९० चा पंप, हवेचं तापमान मोजणारा सेन्सर, बीकेआर७ई, सलग थ्रॉटल सेन्सर. दुसऱ्यात रीरूट, रेडिएटर, क्लच, १.८ चं डिफरन्शियल. तिसऱ्यात टर्बो, वेणीची ऑइल नळी, १/८ एनपीटीची टी, अर्धा इंच एनपीटीचं परतीचं फिटिंग, नवा पीसीव्ही. काही राहिलं का?

---

दहाचा_पाना:

टी बदला. १/८ बीएसपीटी. परतीचं फिटिंग एनपीटी चालेल, कारण ते आटे तुम्हीच पाडणार आहात. बीकेआर७ई तिसऱ्या टप्प्यात न्या, बिनटर्बोच्या महिन्यात थंड प्लग शहरात काजळतील. आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सर शेवटी इंटरकूलरच्या नंतरच्या पाइपात बसवायचा आहे, त्यामुळे त्याची वायर आत्ताच दोन फूट जास्त सोडून ठेवा.